कुसळं झटकायची जागा

सिद्रामकाका, शुक्रवारी नकाशा द्यायचाय आणि तुम्ही नाही, याचा मला परवापर्यंत नीट रागसुद्धा येत नव्हता. तुम्हाला माहितीये, माझ्याकडे सगळ्यात आधी रागच येतो. दूध उतू गेलं तरी येतो, प्रिंटर अडकला तरी येतो. पण तुम्ही गेल्याला आज सहावा दिवस, आणि पहिले तीन-चार दिवस आत सगळं नुसतं गप्प होतं. भूक लागली की जेवत होते. कुणी काही विचारलं की उत्तर देत होते. सोमवारी ऑफिसात चहावाल्यानं सवयीनं दोन ग्लास ठेवले. मी दोन्ही प्यायले आणि कामाला लागले.

परवा जलदान विधी झाला. कुंभारीच्या तुमच्या घरापुढं मांडव होता, खुर्च्या होत्या. माणसं उठून तुमच्याविषयी बोलत होती. एकानं सांगितलं, साहेबांच्या मोजणीवर अख्ख्या नोकरीत एक तक्रार नाही. काकूंनी मान हलवली. मलाही बोला म्हणाले. मी उभी राहिले, "आम्ही दोन वर्षं बरोबर काम केलं" एवढं म्हटलं आणि बसले. पुढचं राहिलं. म्हणून हे लिहितेय. तुम्हाला समोर बसवून भांडायची सवय लागलीय, तशीच लिहीन.

पहिल्या दिवशीचं भांडण आठवतं का? आमच्या संस्थेनं काम घेतलं होतं, जिल्ह्यातली जुनी रानं शोधून नकाशावर आणायची. देवाच्या नावानं राखलेली बनं, ओढ्याकाठच्या झाडोऱ्याचे तुकडे, कुणी कधी न नांगरलेले. कुठलं राखायचं आणि कुठं मोडलेलं परत उभं करायचं, हे त्या नकाशावरून ठरणार होतं. मी उपग्रहाची चित्रं उघडून बसले होते. जुने कागद वाचायला माणूस हवा म्हणून तुम्हाला बोलावलं, निवृत्त भूकरमापक. तुम्ही आलात, कापडी पिशवी खुर्चीला अडकवलीत, पडद्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "हे हिरवं काय हाय?"

"झाडं."

"कवाची?"

मी म्हटलं, ते यात दिसत नाही.

"मग काय दिसतंय यात? गेल्या साली लावलेलं पण हिरवं आणि शंभर सालाचं पण हिरवं. कलिंगड पण हिरवंच असतंय की."

मला असा राग आला होता. त्या सॉफ्टवेअरसाठी मी सहा महिने रक्त आटवलं होतं आणि हा माणूस कलिंगड काढतोय. पण तुमचं बरोबर होतं आणि ते मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. आता म्हणते. तुम्ही नसता तर मी निम्म्या जिल्ह्यातली गिरिपुष्पाची लागवड जुनं रान म्हणून रंगवून मोकळी झाले असते.

तुम्हीही काही कमी चुकला नाहीत. त्या तलावाखालची निलगिरी. "ही माझ्या आज्याच्या काळची," म्हणून छातीठोक सांगितलंत आणि तिथल्याच म्हाताऱ्यानं सांगितलं, मी शाळेत असताना आम्हीच लावली. नाक्यापर्यंत तुम्ही स्कूटीवर मागं बसून पिशवी पोटाशी धरून फुगून राहिलात. मी आरशात बघून हसत होते, ते तुम्हाला दिसत होतं. मग म्हणालात, "मॅडम, पुढं बघून चालवा." राग आला की तुम्ही मला मॅडम म्हणायचा. एरवी सुजाता, आणि लईच खूश असलात की पोरी.

झाडाचा घेर तुम्ही कवेत घेऊन मोजायचा. मी टेप घेऊन उभी आणि तुम्ही हिवराच्या खोडाला मिठी मारून, गाल सालीला लावून, "पावणेदोन कव" असं सांगायचा. मी म्हणायची, हा आकडा मी कुठल्या रकान्यात भरू? मग टेप लावायची. बरेचदा तुमचं आणि टेपचं जुळायचं. जुळलं नाही की तुम्ही टेपला नावं ठेवायचा.

आता बिरोबाच्या बनाचं बोलू. आपण तेच टाळत होतो.

अक्कलकोटच्या पुढं, सीमेलगत. दिवाळीच्या आधीची गोष्ट, ज्वारी नुकती घोट्याएवढी वर आली होती. बन म्हणजे एवढंसं, पण आत शिरलं की ऊन बाहेर राहायचं. हिवर, हिंगणबेट, बोरी, मधे चंदनाची चारदोन झाडं, आणि सगळ्यावर वाघाटीच्या काटेरी वेली. अशी वाघाटी लावून येत नाही, हे तोवर मी शिकले होते. हे जुनं होतं, लई जुनं. मला इतका आनंद झाला होता की मी तुमच्या हातावर चापट मारली होती. तुम्ही मात्र त्या दिवशी गप्पच होता. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

बनाला लागून ज्यांचं शेत, त्या घरातल्या गौरव्वा आपल्याबरोबर आत आल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, धनगराची म्हातारी, निम्मं कानडी निम्मं मराठी. येताना त्यांनी आपल्याला सांगितलं होतं, "बर्री, या आत, पर एक ध्यानात ठिवा. बनातली काडी भायेर न्ह्याची न्हाय. काडी काय, कुसळ पण न्हाय. भायेर पडताना लुगडं झटकायचं, धोतार झटकायचं. देवाचं देवाला."

मग मधेच तुमच्याकडं टक लावून बघत म्हणाल्या, "यप्पा, तुमी आदी कवा आलता का हितं?"

तुम्ही म्हणालात, "आलो असंन. लई गावं फिरलो."

परतताना झाडं संपली तिथं मी थांबले. ओढणी, सलवार, मोजे, सगळीकडं कुसळं. मी तिथंच झटकून मोकळी झाले आणि घड्याळ बघितलं. गौरव्वा थांबल्या नाहीत. त्या सरळ ज्वारीत शिरल्या, पिकाच्या ओळींमधल्या तासातासानं वीसेक पावलं चालत गेल्या आणि शेताच्या मधे, जिथं ना बांध ना झाड, तिथं उभ्या राहून लुगड्याचा काठ झटकू लागल्या. आणि तुम्ही त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहिलात. त्यांनी दाखवायच्या आधी. वाकून पँटीच्या दुमडीतलं एकेक कुसळ काढलंत आणि बनाच्या बाजूला टाकलंत.

गाडीपाशी मी तुम्हाला चिडवलं होतं, "काय हो काका, जन्मात कुठल्या देवळात हात जोडले नाहीत आणि इथं कसं काय?"

तुम्ही म्हणालात, "देव न्हाय मानत मी. हद्द मानतो."

मी हसले. मला ते छान वाटलं. वहीत लिहूनही ठेवलं. काय म्हणालात ते मात्र कळलं नाही.

ऑफिसात आल्यावर मी गावाचा जुना नकाशा आजच्या चित्रावर बसवला. जुन्या नकाशात बनाची कड शेताच्या बाजूला पोटासारखी पुढं आलेली होती. आज ती सरळ होती, पट्टीनं ओढल्यागत. मधला अर्धगोल तुकडा ज्वारीत गेलेला. गौरव्वा झटकत होत्या ती जागा बरोब्बर त्या जुन्या कडेवर. माझ्या अंगावर काटा आला होता, काका. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची रानाची कड एका म्हातारीच्या पायांना माहीत होती. मी त्या तुकड्याला लाल रंग दिला आणि वर लिहिलं, अतिक्रमण.

तुम्ही चष्मा वर करून वाचलंत. "हे लिहू नको."

"का? बन खाल्लं की त्यांनी. म्हातारी स्वतःच दाखवतेय."

"लिहू नको म्हनलं न्हवं."

"मग काय लिहू?"

"थांब की जरा."

महिनाभर तुम्ही एवढंच म्हणत राहिलात. थांब की जरा. मी म्हटलं, त्या शेताची मधली मोजणी कधीतरी झाली असेल, भावाभावांत वाटणी झाली असेल, त्याचा नकाशा काढून आणा, म्हणजे कळेल कड कधी सरकली. तुम्ही म्हणालात, मिळत नाही. कुठलाही कागद तासाभरात हुडकून आणणारा माणूस महिनाभर म्हणतो मिळत नाही. मला शंका यायला हवी होती. मला आला राग. त्या रागात मी जे बोलले ते तुम्हाला आठवत असणारच. मी म्हटलं, "जन्मभर सरकारी नोकरी केली ना, तुम्हाला कुणाचं नाव लिहायचं म्हटलं की पाय लटपटतात."

तुम्ही पिशवी उचललीत. "बरं मॅडम," म्हणालात आणि गेलात.

नंतर गेल्या शुक्रवारी तुमचा फोन आला. "सोमवारी येतो. तवर नकाशा कुटं पाठवू नको."

मी म्हटलं, "बघू."

आपलं शेवटचं बोलणं हे. शनिवारी सकाळी दाढी करता करता तुम्ही खाली बसलात आणि संपलं. काकूंनी फोन केला तेव्हा मी भाजी निवडत होते. फोन ठेवल्यावर राहिलेली जुडी पण निवडून संपवली. आईनं विचारलं, कुणाचा फोन होता, तर म्हटलं, ऑफिसचा. आठेक मिनिटांनी सांगितलं. ती आठ मिनिटं मी काय करत होते, मला विचारू नका.

परवा विधी आटपल्यावर काकूंनी तुमची पिशवी माझ्याकडं दिली. म्हणाल्या, "तुझ्या कामाचे कागद हायत यात. गुरुवारी बँकेत घेऊन गेलते, हयातीचा दाखला द्यायला. तसंच हाय सगळं."

भवानी पेठेत घरी आणून कॉटवर उलटी केली. शेजारी माग चालू होते, खिडकीच्या काचा त्यांच्या तालावर वाजत होत्या. पिशवीत चष्म्याची डबी, सुतळीचा गुंडा, शेंगाचटणीची पुडी. हयातीच्या दाखल्याचा फॉर्म निघाला, भरलेला, पण दिलेला नव्हे. म्हणजे तुम्ही बँकेत गेलाच नव्हता. आणि खाली दोन कागद. एक होता तो मोजणीचा नकाशा, ज्याला तुम्ही मिळत नाही म्हणत होता. वाटणीची मोजणी. बनाच्या बाजूला सरळ रेघ. कोपऱ्यात मोजणाऱ्याची सही. ती सही मी दोन वर्षं हजेरीच्या वहीत रोज बघितलीय.

दुसरा कागद माझाच होता, त्या लाल तुकड्याची प्रिंट. 'अतिक्रमण' वर पेन्सिलीनं काट मारली होती आणि खाली तुमच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. "मोजणीची चूक. बनाची कड काटेरी वेलींमुळे चालून न मोजता दोन टोकांना निशाण लावून सरळ धरली. शेतमालकाने त्या वेळी हरकत सांगितली होती, ती नोंदवली नाही. चूक माझी." खाली सही, पूर्ण नाव, आणि 'भूकरमापक (निवृत्त)'.

मी ते चारपाचदा वाचलं. मग उठून पाणी प्यायले. मग परत वाचलं.

रडू नाही आलं, काका. राग आला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. खोटं बोललात तुम्ही. "लई गावं फिरलो" म्हणालात. कागद मिळत नाही म्हणालात. माझ्यासमोर बसून, माझा चहा पिऊन. मी तुमच्याशी कुठल्या गोष्टीवरून भांडले नाही? एवढ्या एका गोष्टीवरून भांडू द्यायला काय झालं होतं? मी ओरडले असते, दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी म्हटलं असतं, चला, दुरुस्त करू. मी चांगली नाही, पण एवढी तरी आहे. ते तुम्हाला माहीत नव्हतं का? का माहीत होतं आणि तरी लाज वाटली? याचं उत्तर मला आता कोण देणार, सांगा.

आणि वर तुम्ही हा कागद माझ्या गळ्यात टाकून गेलात. छापला तर तुमची अख्ख्या नोकरीतली एकमेव तक्रार तुम्हीच स्वतःवर केलेली, आणि ती मी छापायची, ज्या मांडवात तुमच्या नावानं माना हलल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी. नाही छापला, तर शुक्रवारी लाल तुकडा तसाच जाणार, आणि ज्या घरानं तेव्हा हरकत सांगितली त्याच घराला नोटीस जाणार.

आज सकाळी आधी कुंभारीला उतरले. काकूंना समोर बसवून सगळं सांगितलं. त्या बँकेपाशीच अडल्या. "म्हंजे दाखला दिलाच न्हाय त्यांनी?" म्हणाल्या. मग कागद हातात घेतला.

"हे लिवलं तर त्यांच्या नोकरीला डाग लागतो का गं?"

मी म्हटलं, "लोक बोलतील, काकू. नाव घालायलाच पाहिजे असं नाही. नुसतं मोजणीची चूक लिहिलं तरी चालेल."

त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "ही त्यांचीच हाय न्हवं?"

"हो."

"मग त्यांनी घातलेलं नाव तू कशाला काढतीस? ऱ्हाऊ दे की." आणि उठून माझ्यासाठी भाकरी बांधायला आत गेल्या.

तिथनं मी बनाकडं गेले. एकटी. स्कूटी मागून इतकी हलकी लागत होती की वळणावर दोनदा घाबरले. ज्वारी आता गुडघ्याच्या वर आलीय. गौरव्वा बांधावर बसल्या होत्या. लांबूनच त्यांनी माझ्या मागं बघितलं.

"बा यव्वा. साहेब कुटं हायत? गाडीपाशी बसले का?"

मी नुसती तुमची पिशवी पुढं केली. त्यांना कळलं. त्यांनी हाताखालचं ढेकूळ फोडलं, माती करून टाकली. म्हणाल्या, "गुरुवारी तर हितं होते."

तुम्ही गेल्या गुरुवारी एसटीनं तिथं गेला होता. दाखल्याचं निमित्त करून. गौरव्वांनी सांगितलं तसं सांगते.

तुम्ही बांधावर बसलात आणि म्हणालात, "मीच तो." त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय. त्याच दिशी वळकलं. मी नवी नवरी होते तवा. माझा सासरा तुमच्या मागं मागं फिरत म्हनत होता, साहेब, हे देवाचं हाय, आमच्यात घालू नका." आणि तुम्ही तेव्हा काय म्हणाला होता तेही त्यांना आठवत होतं. तुम्ही म्हणाला होता, "कागदावर आता तुमचं झालं. दिवस मावळाया लागला, मला जाऊ द्या."

पंधरा वर्षं त्यांच्या सासऱ्यानं तो तुकडा नांगरला नव्हता. मग पुन्हा वाटण्या झाल्या, तोंडं वाढली, आणि एका साली नांगर फिरला. सासू त्या दिवशी जेवली नाही. पण झटकायची जागा घरातल्या बायकांनी हलवली नाही. कागदानं सांगितलं म्हणून कुसळ थोडंच ऐकतंय, असं गौरव्वा म्हणाल्या.

तुम्ही त्यांची माफी मागितलीत. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" त्या म्हणाल्या, "मी म्हनलं, माफी ऱ्हाऊ द्या, हद्द दावा."

मग त्यांनी मुलाला, हणमंताला, बोलावलं. तो आधी चिडलाच होता. त्याला कुठून तरी कळलं होतं की नकाशात आपल्याला चोर ठरवलंय. तो म्हणाला, तुकडा सोडायला हरकत नाही, आमच्या आज्यानंच तेव्हा नको म्हटलं होतं. पण चोर म्हणून सोडणार नाही. चूक झाली म्हणून लिहा, ही ज्वारी काढली की पुन्हा पेरत नाही. अतिक्रमण लिहिलंत तर वकील लावतो आणि एक काडी उगवू देत नाही. एका शब्दावर सगळं अडलं होतं, काका. आणि तो शब्द मी लिहिलेला.

तुम्ही त्याला म्हणालात, "सोमवारी लिवून देतो."

आणि मग तुम्ही तिघांनी दगड रोवले. गौरव्वांनी मला हाताला धरून ज्वारीत नेलं. आधी दिसलंच नाही. मग पानांत पांढरं दिसलं. चुना लावलेला दगड. तिथून नऊ-दहा पावलांवर दुसरा, मग वळणावर तिसरा. जुन्या नकाशातलं ते पोट तुम्ही जमिनीवर काढलं होतं, दोन दगडांत सुतळी धरून, गौरव्वांच्या पायांना विचारत विचारत. तो सुतळीचा गुंडा म्हणजे माझ्या कॉटवर पडलेला. मी प्रत्येक दगडापाशी थांबून जीपीएस यंत्रावर जागेची नोंद घेत गेले. हात व्यवस्थित चालत होते. एक, दोन, तीन. आठव्याच्या पुढं दगड नव्हता. नुसता खड्डा होता, कडेची माती पावसात न भिजता तशीच मोकळी.

मी विचारलं, "हा राहिला का?"

गौरव्वा ज्वारीच्या कडेला गेल्या. तिथं एक दगड ठेवलेला होता, आणि शेजारी पत्र्याच्या डब्यात भिजवलेला चुना, वर फडकं बांधून. म्हणाल्या, "यो ठिवला त्यांनी. म्हनले, शेवटचा त्या पोरीच्या हातानं. सोमवारी घिऊन येतो तिला. लई भांडती, पर येती."

काका, तिथं मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही. ज्वारीत उकिडवी बसून रडले, नाक ओढणीला पुसलं. गौरव्वा शेजारी टेकत म्हणाल्या, "कुंद्री, बस, घाई न्हाय. चुना वाळत न्हाय इतक्यात."

मग मी दगड खड्ड्यात उभा केला. वाकडा झाला. हणमंतानं हलवून सरळ केला, मी माती दाबली, चुना लावला. थोडा ओढणीला लागला. बनात एक फेरी मारून आले, तुमचा तो पावणेदोन कवेचा हिवर इथलाच, त्याला हात लावला. माझ्या कवेत तो जेमतेम निम्मा येतो. परत येताना झाडं संपली तिथं थांबले नाही. वीस पावलं ज्वारीत चालत गेले आणि नवव्या दगडापाशी उभं राहून झटकलं. ओढणी, सलवार, मोजे. तुमची पिशवी बरोबर नेली होती. तिच्या शिवणीत पण चार कुसळं अडकलेली होती, गुरुवारची. घाईत राहिली असणार. ती काढून बनाच्या बाजूला टाकली.

आता ऑफिसात बसलेय. लाल रंग काढला. तिथं आता पुनर्निर्माणाची हद्द आहे, नऊ बिंदूंची. नोंदीच्या रकान्यात तुमचं वाक्य जसंच्या तसं घातलंय, तुमच्या नावासकट. त्याच्याखाली एक ओळ माझी आहे: या तुकड्यावर आधी केलेली अतिक्रमणाची नोंद चुकीची होती, ती कागद न बघता मी केली. खाली माझं पूर्ण नाव. दोन चुका, दोन नावं, एकाखाली एक. उद्या सकाळी जाईल. एक प्रत हणमंताला, एक काकूंना.

पाय लटपटतात म्हणाले होते ते मी मागं घेते. हे तोंडावर ऐकायला तुम्ही सोमवार उजाडू द्यायला हवा होता.

तुम्ही म्हणाला होता, सोमवारी येतो, आणि मी म्हटलं होतं, बघू. बघितलं, काका. आठही दगड बघितले. नववा जरा कललाय, तेवढं समजून घ्या.